फी, फिलॉसॉफी आणि धुण्याचं मशीन

आमचं कपडे धुण्याचं मशीन चालतं. हे मी तक्रार म्हणून लिहितोय. कपडे पिळायची वेळ आली की ते मोरीच्या कोपऱ्यातून दणदण उड्या मारत निघतं आणि दाराच्या दिशेने चालू लागतं. त्याला जागेवर ठेवायचा आम्हाला एकच उपाय सापडलाय, तो म्हणजे कुणीतरी त्याच्यावर बसायचं. घरात माणसं दोन. त्यातलं एक माणूस घर सांभाळतं, हिशेब ठेवतं आणि शिवाय दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसून 'अजिबात दुखणार नाही' असं दिवसभर लोकांना सांगतं. उरलेलं माणूस मशीनवर बसतं.

(बसायलाही अंगात काहीतरी असावं लागतं. बायकोच्या मते, वजन.)

तर नवं मशीन घ्यायचं आमचं ठरलं होतं. पैसे बाजूला काढून ठेवले होते. बायको दुकानात जाऊन त्या मशीनचं दार उघडून, मिटून, आतून हात फिरवून आली होती. एवढ्या मायेने तिने माझ्याकडे आमच्या बघण्याच्या कार्यक्रमातही पाहिलं नव्हतं. आणि नेमके त्या रविवारी माझे साडू चहाला आले.

माझे साडू विमा विकतात आणि सल्ला फुकट देतात. विमा कुणी घेत नाही, म्हणून सल्ला जास्त खपतो. चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "पदव्युत्तर शिक्षणाच्या फीवर करात सवलत मिळते, माहीत आहे का? आज भरा, वर्षअखेरीला परत घ्या. सरकार द्यायला तयार आहे हो, लोकच घेत नाहीत."

"परत म्हणजे सगळी?" मी विचारलं.

"अहो, बरीचशी!"

हा 'बरीचशी' शब्द माझ्या डोक्यात रात्रभर घोळत राहिला. फुकट ते पौष्टिक, हे माझं लहानपणापासूनचं मत आहे. आणि इथे तर नुसतं फुकट नव्हतं, वर एक पदवी मिळत होती. पहाटेपर्यंत त्या 'बरीचशी'चं माझ्या मनात 'जवळजवळ सगळी' झालं होतं. नुसती चौकशी करून येऊ म्हणून दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून सुटल्यावर संध्याकाळच्या कॉलेजात गेलो आणि फी भरून परत आलो.

विषय कोणता घेतला, असं सगळेच विचारतात. तत्त्वज्ञान. का घेतला, हेही विचारतात. त्याचं कारण सरळ आहे. मी लिफ्टच्या कंपनीत तक्रार विभागात कारकून आहे आणि त्या कॉलेजात लिफ्ट आमच्या कंपनीची आहे. अर्थशास्त्र दुसऱ्या मजल्यावर होतं, इतिहास त्याच्या वर. तत्त्वज्ञान तळमजल्यावर, सायकल स्टँडच्या शेजारी होतं. आमच्या लिफ्टची मला जेवढी माहिती आहे तेवढी असलेला कुठलाही शहाणा माणूस तत्त्वज्ञानच निवडेल.

घरी येऊन पावती बायकोला दाखवली.

"हे मशीनचे पैसे होते ना?" ती म्हणाली.

"होते कशाला, आहेतच. सरकारकडे ठेवलेत. वर्षअखेरीला परत येणार. पदवीची पदवी, मशीनचं मशीन."

"आणि तोवर?"

"तोवर मी बसतोच आहे की."

तिने पावतीची घडी घालून ती हिशेबाच्या वहीत ठेवली. "बसा," एवढंच म्हणाली. आमच्या घरात मोठे निर्णय असेच होतात.

आता खरं सांगायचं तर पुढे जे झालं त्याची मला अपेक्षा नव्हती. मला ते आवडायला लागलं. आमच्या वर्गाला शिकवणाऱ्या बाई केस पिकलेल्या, बारीक चणीच्या आणि भयंकर चिकट. त्या कशाचंही उत्तर देत नसत, नुसत्या प्रश्न विचारत. आपण काही बोललो की, "असं का वाटतं तुम्हाला?" आपण कारण सांगितलं की, "मग?" या एका 'मग?'ने त्यांनी माझी कित्येक वर्षांची ठाम मतं खाली बसवली. आयुष्यभर मी फोनवर इतरांच्या तक्रारी ऐकत आलो, पण मला काय वाटतं हे मला कुणी विचारलं नव्हतं. वर्गातून बाहेर पडताना अंगात हलकं वाटायचं. या वयात माणसाला असा आनंद होतो, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

अभ्यास मी मशीनवर बसून करायचो. एक भलं जाडजूड पुस्तक होतं, ते मांडीवर घेऊन मोठ्याने वाचायचो. धुताना ठीक चालायचं. पिळताना मात्र माझा आवाज इतका थरथरायचा की शेजारच्या आजींनी एकदा बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "त्यांना काही दुःख आहे का गं?"

वर्ष संपत आलं तसा मी पावत्या घेऊन कर कार्यालयात गेलो. खिडकीमागे एक बाई बसल्या होत्या. गळ्यात साखळीला चष्मा, समोर शिक्का.

"काय शिकताय?"

"तत्त्वज्ञान."

"नोकरी कुठे?"

"लिफ्टच्या कंपनीत. तक्रारीचे फोन घेतो."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "सवलतीसाठी शिक्षणाचा तुमच्या सध्याच्या कामात उपयोग व्हायला हवा. हौस म्हणून शिकलात तर नाही मिळत. उपयोग होतो, असा तुमच्या साहेबांचा दाखला आणा. आणि दुसरी अट अशी, की..."

"बाई, आधी पहिली तर पार पडू दे!" असं म्हणून मी निघालो.

(हे वाक्य मला पुढे फार आठवलं.)

रस्त्यातूनच साडूंना फोन लावला. "कामात उपयोग व्हावा लागतो, हे तुम्ही बोलला नव्हता!"

"अहो, ते गृहीत असतं! तुम्ही लिफ्टचं काहीतरी शिकायचं ना! फिलॉसॉफी घ्यायला कुणी सांगितलं होतं?"

"तळमजल्यावर तीच होती," मी म्हणालो.

आमचे साहेब म्हणजे सरळ माणूस. आयुष्यात त्यांनी खोटी सही केलेली नाही. अंगात ताप नसेल तर ते स्वतःलाही आजारपणाची रजा देत नाहीत. तक्रारीच्या फोनवर घरचं बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. एकदा त्यांच्या आईंचा फोन आला, तर त्यांनी "कृपया दुसऱ्या नंबरवर करावा" असं सांगून ठेवून दिला होता. माझं सगळं बोलणं ऐकून ते म्हणाले, "फिलॉसॉफीचा लिफ्टला उपयोग? मला तर दिसत नाही. पण तुम्ही दाखवा. दिसला तर त्याच क्षणी सही करतो."

आता आमच्या विभागाची कामाची पद्धत सांगायला हवी. आमच्याकडे एकच वाक्य आहे. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाचा फोन आला की म्हणायचं, "घाबरू नका, मेकॅनिक निघाला आहे." मेकॅनिकला सगळे पाना म्हणतात. आम्ही 'निघाला आहे' म्हणतो तेव्हा पाना समोरच्या टपरीवर चहा पीत असतो, हे आमच्या खिडकीतून स्वच्छ दिसतं. पण वाक्य तेच. मी नोकरीला लागलो तेव्हापासून पाना निघालेलाच आहे.

पहिला फोन आला तो एका बाईंचा. साहेब दुसऱ्या रिसीव्हरवर ऐकत होते. मी सत्यावर नुकताच एक आख्खा धडा वाचला होता.

"लिफ्ट बंद पडलीय! मेकॅनिक कधी येणार?"

"बाई, खरं सांगू का? तो अजून निघालेला नाही. चहा पितोय. दुसरा कप आहे. पण आपण जरा असा विचार करू, की माणूस वाट पाहतो म्हणजे नेमकं काय करतो..."

त्या बाईंनी अशी किंकाळी फोडली, की ती रिसीव्हरमधून, खिडकीतून, रस्ता ओलांडून टपरीपर्यंत पोचली. पाना कप टाकून उठला आणि हत्यारांची पिशवी उचलून धावत सुटला.

साहेबांनी कपाळावरून हात फिरवला. "उपयोग झाला, नाही असं नाही," ते म्हणाले. "पाना पहिल्यांदाच खरोखर निघाला. पण यावर मला सही करता येणार नाही."

त्या संध्याकाळी वर्ग सुटल्यावर मी तोंड पाडून बाईंना सगळी हकिकत सांगितली.

"त्या बाईंना तुम्ही काय विचारलंत?" बाई म्हणाल्या.

"विचारलं काहीच नाही. मीच सांगत होतो."

"मग?"

आणि बाई छत्री उचलून चालू लागल्या. माझ्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. मी सांगत होतो! विचारायचं सोडून सांगत सुटलो होतो!

दुसऱ्या दिवशी फोन आला तो एका गृहस्थांचा. आवाजात मोठं पद होतं.

"मी लिफ्टमध्ये अडकलोय! मी कोण आहे, कल्पना आहे का तुम्हाला?"

"नाही," मी नम्रपणे म्हणालो. "आपण अडकला आहात, हे आपल्याला कशावरून कळलं?"

"कशावरून म्हणजे? दार उघडत नाही!"

"लिफ्ट हलतेय?"

"नाही."

"वर आकडा कोणता दिसतोय?"

"पाच."

"आपल्याला जायचं कुठे होतं?"

"पाच..." त्यांचा आवाज जरा खाली आला.

"दार उघडायचं बटन दाबलंत?"

पलीकडे खुडबुड झाली. मग टिंग झालं, आणि दार सरकल्याचा आवाज आला. "हे कुणाला सांगू नका," ते गृहस्थ पुटपुटले आणि फोन बंद झाला.

(मी कुणालाही सांगितलेलं नाही. नुसतं लिहिलंय.)

त्यानंतर मी सुटलोच. कुणाच्या दाराच्या खाचेत खडा होता, कुणाच्या छत्रीचं टोक अडकलं होतं, एक आजोबा तर बटनांच्या पाटीलाच टेकून उभे राहून 'लिफ्ट आपोआप सगळ्या मजल्यांवर थांबते' अशी तक्रार करत होते. मी विचारायचो, माणसं उत्तरं द्यायची, आणि उत्तर देता देता स्वतःच मोकळी व्हायची. पाना टपरीवरून माझ्याकडे संशयाने बघू लागला. साहेब पाघळत चालले होते. शेवटी म्हणाले, "उद्या एक फोन मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो. मनाला पटलं की सही."

त्या 'उद्या'ची सकाळ माझी फार गडबडीत गेली. बायकोची सुट्टी होती, तिने मशीन लावलं आणि हाक मारली. पण आज दाखल्याचा दिवस! "तू सांभाळ जरा, आल्यावर सांगतो," असं ओरडून मी जिना उतरलो. (जिनाच. आमच्या इमारतीतही लिफ्ट आमच्याच कंपनीची आहे. मीच स्टाफच्या सवलतीत बसवून दिली, आणि शेजारी अजून माझ्याशी बोलतात ते त्यांच्या चांगुलपणामुळे.)

दुपारी फोन वाजला. साहेबांनी दुसरा रिसीव्हर कानाला लावला आणि मला मानेने खूण केली.

"तक्रार विभाग."

"अहो, मी अडकलेय."

माझ्या हातातला रिसीव्हर एकदम जड झाला. समोर साहेब, त्यांचा नियम, आणि टेबलावर कोरा कागद. 'ही माझी बायको' म्हणालो तर फोन बाद, दाखला बाद, मशीन बाद. मी डोळे मिटले.

"बाई, घाबरू नका."

"बाई? बाई कुणाला म्हणता? मी बोलतेय, मी!"

"मी म्हणजे कोण, हा प्रश्न तसा फार जुना आहे."

"या घरी. मी कोण ते सांगते."

साहेबांनी मला धीर देण्यासाठी हात वर केला. गिऱ्हाईक तापट आहे, असं त्यांनी खुणेनं सांगितलं. मला ते ठाऊक होतं.

"आपण अडकला आहात, हे आपल्याला कशावरून कळलं?"

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच कळलं."

साहेबांना खोकला आला. मी घाईने म्हणालो, "आपण सध्याच्या अडचणीपुरतं बोलू. लिफ्टमध्ये आपल्यासोबत कुणी आहे?"

"कोण असणार? ओल्या कपड्यांची बादली आहे. का आहे, ते विचारा."

"का आहे?"

"कारण आमच्या मशीनवर जे माणूस बसतं ते सकाळीच पळून गेलं. मग मशीन निघालं, चालत चालत मोरीच्या दारापर्यंत आलं, आपला प्लग आपणच उपटून घेतला आणि गप्प बसलं. सगळे कपडे हाताने काढून गच्चीवर वाळत घालायला नेतेय मी, तर मधेच ही लिफ्ट थांबली. पाणी गळतंय नुसतं. माझ्या चपला भिजल्या!"

"त्या माणसाला काही महत्त्वाचं काम असेल, बाई."

"त्याला? त्याच्याइतकं रिकामं माणूस या गावात नाही!"

साहेब सहानुभूतीने मान हलवत होते. कोणाबद्दलच्या, ते मला कळेना. मी घाम पुसला आणि प्रश्नांना घट्ट धरून राहिलो, कारण बुडत्याला तेवढाच आधार होता.

"बादलीत काय काय आहे?"

"दोन चादरी, टॉवेल, आणि एका माणसाचे पायजमे. त्यांच्या नाड्या रोज मीच ओवते."

"चादरींची सगळी टोकं बादलीत आहेत का?"

"नसायला काय झालं..." ती म्हणाली आणि थांबली. मग जरा वेगळ्याच आवाजात म्हणाली, "एक टोक दारात आहे."

"ते ओढलंत तर काय होईल?"

फर्रर असा आवाज आला. "फाटली," ती म्हणाली. पाठोपाठ दार नीट लागल्याचा खटका ऐकू आला आणि लिफ्ट घरघरत वर निघाली.

"आपल्या आणखी काही शंका?"

"आहेत ना. पण त्या घरी." आणि फोन बंद झाला.

साहेबांनी रिसीव्हर खाली ठेवला. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "वा!" ते म्हणाले. "काय ती बाई, आणि काय तुमची शांती! बिचाऱ्या तिच्या नवऱ्याचे काय हाल असतील हो!"

"आहेत," मी म्हणालो. "म्हणजे, असतील."

साहेबांनी तिथल्या तिथे पेन काढलं आणि लिहिलं, 'तत्त्वज्ञानाच्या शिक्षणाचा यांना सध्याच्या कामात उत्तम उपयोग होत आहे.' एवढंच लिहून त्यांनी सही केली असती तर ही गोष्ट इथेच गोड झाली असती. पण ते थांबले, विचार करून म्हणाले, "असं करा, उद्यापासून बाकीच्या फोनवाल्यांनाही तुम्हीच शिकवा. नवं पद देतो तुम्हाला. मुख्य शंकानिरसन अधिकारी."

"पगार?"

"पद नवं. पगार तोच."

मला त्याचं काही वाटलं नाही. इतकी वर्षं मी नुसता कारकून होतो. माझ्या नावामागे 'मुख्य' हा शब्द कधी लागलाच नव्हता, तो लागताच माझी छाती शर्टाच्या बटनांना जाऊन भिडली. मी म्हणालो, "साहेब, पदाचाही उल्लेख कराल का दाखल्यात?"

"कशाला? आहे ते पुरेसं आहे."

"जरा वजन येईल."

तेव्हा त्यांनी माझ्या आग्रहाखातर आणखी एक ओळ लिहिली, 'या शिक्षणामुळे ते नव्या पदास पात्र ठरले असून त्यावर त्यांची नेमणूक केली आहे.' हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण तेव्हा मला कुठलं कळायला! घरी जाताना मी मशीनच्या दुकानात शिरलो आणि रुबाबात सांगितलं, "ते मशीन बाजूला काढून ठेवा."

घरी बायको फाटकी चादर खुर्चीवर पसरून माझी वाट बघत बसली होती. मी दाखला पुढे केला. तिने तो वाचला, शेवटची ओळ परत वाचली. "मुख्य?" ती म्हणाली. राग आवरता आवरता तिच्या आवाजात थोडं कौतुक येऊन गेलं, ते मी बरोबर टिपलं. चादरीबद्दल त्या दिवशी ती एक शब्द बोलली नाही. (जेवायला बसलो तेव्हा पाना दारात उभा. म्हणाला, "लिफ्टची तक्रार होती ना? मी निघालो होतो.")

कर कार्यालयात मी छाती काढूनच गेलो. खिडकीतल्या बाईंनी पहिली ओळ वाचली, मान डोलावली आणि शिक्का उचलला. शिक्का हवेत असतानाच त्यांची नजर शेवटच्या ओळीवर गेली. त्यांनी तो हळूच परत जागेवर ठेवला.

"हीच ती दुसरी अट," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी तुम्ही ऐकून घेतली नाहीत. शिक्षणाने आहे ते काम सुधारायला हवं. पण त्याच्यामुळे माणूस नव्या कामाला लायक झाला, तर सवलत नाही."

मला नीट उमगेना. "म्हणजे उपयोग व्हायला हवा, पण फार व्हायला नको?"

"बेताचा."

"पण बाई, नवं म्हणजे तरी काय? फोन तोच, खुर्ची तीच, पगारही तोच!"

"कागदावर 'नव्या' असं लिहिलंय."

"ती ओळ खोडली तर?"

"सही झालेल्या दाखल्यात खाडाखोड? तुम्ही तत्त्वज्ञान शिकताय ना?" बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आणि ही ओळ घालायची कल्पना कुणाची?"

साहेबांचं नाव जिभेवर आलं होतं. पण सत्यावरचा तो धडा आडवा आला. "माझी," मी म्हणालो.

"वाटलंच," बाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

साहेबांकडे गेलो, तर ते दुसरा दाखला द्यायला तयार होईनात. "लिहिलं ते खरं लिहिलं," म्हणाले. "आता त्यातलं अर्धंच खरं कसं लिहू?" साडूंना फोन केला, तर म्हणाले, "बढतीचा विमा असतो, घेऊन ठेवायचा होतात."

मी घरी निघालो. पैशांचं एवढं नव्हतं. बायको त्या मशीनच्या दारावरून हात फिरवून आली होती, ते सारखं डोळ्यासमोर येत होतं. तिने एका शब्दाने मला अडवलं नव्हतं, आणि मी तिचं मशीन एका 'मुख्य'साठी घालवून बसलो होतो. जिना चढताना मी काय काय बोलायचं ते जुळवलं, आणि दारात आल्यावर सगळं विसरलो.

"सवलत नाही मिळाली," मी म्हणालो. "त्या ओळीमुळे. ती मीच घालायला लावली."

तिने मला बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाली, "तुमचा तो फोन आठवतो मला. राग तर इतका आला होता, की लिफ्टच्या बाहेर असते तर धावत ऑफिसात आले असते. पण तुम्ही विचारत होता ना, तर मला मधेच हसू फुटत होतं. एवढ्या वर्षांत तुम्ही कुठलं काम इतकं मन लावून करताना मी पाहिलं नव्हतं. हल्ली घरी येता तेही हसत येता. मशीन काय, येईल पुढच्या वर्षी."

मी तिला सांगितलं की मला फार बरं वाटलं. असं आमच्यात कुणी सहसा बोलत नाही, त्यामुळे दोघांनाही जरा अवघडल्यासारखं झालं.

तेवढ्यात लक्षात आलं की आतून मशीनचा आवाज येतोय. पिळण्याचा! मी सवयीने ताडकन उठलो आणि बसायला मोरीकडे धावलो.

मशीन जागेवर होतं. गरगर फिरत होतं, गुणगुणत होतं, पण हलत नव्हतं.

"तुमचीच पद्धत," बायको मागून म्हणाली. "मी विचार केला, हे चालतं ते कशामुळे? इतकी वर्षं आपण नुसते वर बसलो, खाली वाकून कुणी बघितलंच नाही. बघितलं तर एक पाय आखूड. मग घातलं खाली काहीतरी."

मी वाकलो. मशीनच्या आखूड पायाखाली माझं ते भलं जाडजूड पुस्तक होतं.

"अगं, परीक्षा आहे माझी! वीट घालायची होतीस!"

"घालून पाहिली, उंच होते. लाकडाचा तुकडा सरकतो. हे मात्र अगदी बेताचं बसतं."

कर कार्यालयातल्या बाईंचाच शब्द! मी पुस्तक तसंच खाली राहू दिलं. त्यामुळे सध्या आमच्याकडे व्यवस्था अशी आहे. कपडे धुवायचे असले की पुस्तक मशीनखाली जातं आणि मी मोकळा. पण परीक्षा जवळ आली आहे आणि कपडे तर रोजच असतात, तेव्हा अभ्यास करायचा म्हणजे पुस्तक ओढून काढायचं. पुस्तक काढलं की मशीन चालायला लागतं. मग ते मांडीवर घेऊन मी वर बसतो आणि थरथरत्या आवाजात वाचत राहतो. शेजारच्या आजींनी परवा पुन्हा चौकशी केली.

काल असाच वर बसलेलो असताना बायकोला म्हटलं, "खरं सांग. मशीनला जास्त उपयोग कुणाचा, माझा की पुस्तकाचा?"

तिने घाई केली नाही. मशीनकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं, माझ्याकडेही पाहिलं.

"पुस्तकाचा," ती म्हणाली. "ते मधेच असे प्रश्न विचारत नाही."